जुनी होंडा ४००ईएक्स क्वाड बाइक ट्रेलसाठी घेतलीय: पैसे आधी दुरुस्तीत घालू की अपग्रेडमध्ये?

धुळवड (धागाकर्ता)
मंडळी नमस्कार. इथे सायकल, ट्रेक, बुलेट सगळ्यावर धागे आहेत पण क्वाडवर एकही सापडला नाही म्हणून नवीन काढतोय. मी फ्रीमाँटला (कॅलिफोर्निया) असतो. ऑफिसातल्या मित्राची क्वाड हॉलिस्टर हिल्सला (जवळचं ऑफ-रोड पार्क) चालवून बघितली आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू होतं. शेवटी २००६ ची होंडा टीआरएक्स ४००ईएक्स घेतली, सेकंडहँड, १९०० डॉलर. कागदपत्रं स्वच्छ, ऑफ-रोड नोंदणीचा स्टिकर हिरवा.

आता रडगाणं. चोक ओढला की सुरू होते, चोक बंद केला की मान टाकते. ॲक्सिलेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. आधीच्या मालकाने बाहेरचा सायलेन्सर बसवलाय, एअरबॉक्सचं (एअर फिल्टरच्या डब्याचं) झाकण गायब आहे, मागचे टायर गुळगुळीत, चेन कटकट करते. बजेट साधारण १००० डॉलर. मित्र म्हणतो फुल एक्झॉस्ट (सायलेन्सर आणि पाइप) आणि कार्ब्युरेटरचा जेट किट टाक, उडायला लागेल. मला स्वतःला ते रुंद ए-आर्म्स (पुढची चाकं धरणारे दांडे) पण आवडलेत, उभी क्वाड कसली भारी दिसते त्याने. मला शर्यती करायच्या नाहीत, फक्त डोंगरातले ट्रेल. काय करू?

झुणका_भाकर
क्वाड म्हणजे ती चार चाकांची, लोणावळ्याला टायरांच्या कुंपणात गोल गोल फिरवतात ती ना? आमच्या कन्येने मागच्या सुट्टीत दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरीसाठी भोकाड पसरलं. वाचतोय.

तेलकट_हात
@धुळवड, एक्झॉस्टचा विषय आत्ता डोक्यातून काढून टाक. चोकवर चालते आणि चोक बंद केला की मरते, याचा दहातल्या नऊ वेळा अर्थ कार्ब्युरेटरमधला पायलट जेट तुंबलाय. आयडलला इंजिनाला पेट्रोल त्या जेटमधून मिळतं आणि त्याचं भोक इतकं बारीक असतं की पेट्रोल वाळून झालेला चिकटा त्याला पुरतो. इथे अमेरिकेत पंपावर मिळतं त्यात दहा टक्के इथेनॉल, गाडी गॅरेजात सहा महिने उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या वाटीत व्हार्निशसारखा थर बसतो. कार्ब काढ, वाटी उघड, दोन्ही जेट (पायलट आणि मेन) काढून कार्ब क्लीनर मार आणि प्रत्येक वाटेतून कॉम्प्रेसरची हवा सोड. जेट उजेडाकडे धरून बघ, भोक गोल दिसलं पाहिजे. टोचायचंच असेल तर तांब्याच्या वायरीची एखादी तार घे, सुई किंवा ड्रिल अजिबात नको, भोक मोठं झालं की जेट गेला. नाहीतर नवीनच टाक, चार-पाच डॉलरची गोष्ट आहे.

फटफटीचं कारण बहुतेक तेच, शिवाय झाकण काढलंय आणि सायलेन्सर मोकळा आहे म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल तेवढंच. मिश्रण लीन झालंय. एअर-कूल्ड इंजिन आहे हे लक्षात ठेव, रेडिएटर नाही, लीन चालवून चढावर तापवलंस तर वाचवायला कोणी नाही. झाकण परत बसव, ईबेवर मिळतं. ट्रेलवर पाणी असतं, धूळ असते, झाकण काढून फिरायचे लाड वाळूच्या रेसवाल्यांना शोभतात.

आणि एअर फिल्टर. गाडी घेतल्यावर सगळ्यात आधी तो बघायचा. फोमचा असतो, भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा, दाबायचा पण पिळायचा नाही, पूर्ण वाळला की फिल्टर ऑइल चोळायचं आणि बसतो त्या कडेला ग्रीसचं बोट फिरवायचं. पेट्रोलने धुवू नकोस, चिकटवलेले जोड सुटतात आणि आग लागायची भीती वेगळीच. फिल्टरच्या आतल्या बाजूच्या नळीत बोट फिरव. बोटाला कचकच लागली तर धूळ इंजिनात गेलेली आहे, मग पिस्टनच्या रिंगांची चौकशी करावी लागेल.

गॅरेजवाली
तेलकट_हात यांना अनुमोदन, एक सोडून. पायलट जेट वगैरे ठीक आहे पण मी असते तर आधी मागची चाकं हलवून बघितली असती. मी सॅक्रामेंटोला असते, प्रेरी सिटी आणि स्टोनीफर्डला चालवते, माझ्याकडेही हीच गाडी होती.

मागचा भाग जॅकवर घ्या. चाक वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवा. टकटक जाणवली तर ॲक्सल कॅरिअरचे (मागचा ॲक्सल ज्यात फिरतो त्या घराचे) बेअरिंग गेलेत. चाक आतबाहेर सरकत असेल तर ॲक्सलचे मोठे नट ढिले झालेत, स्पोर्ट क्वाडवर हे फार कॉमन आहे, ते लाल थ्रेडलॉक (नट सुटू नये म्हणून लावायचा चिकट द्रव) लावून नीट टॉर्क करायचे. मग पुढची चाकं: तिथे बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक. स्विंगआर्म (मागचा ॲक्सल धरणारा वरखाली होणारा हात) बाजूला ढकलून बघा. हे सगळं करायला अर्धा तास लागतो आणि एक डॉलर लागत नाही, आणि तुमचे हजारातले किती जाणार ते इथेच कळतं.

दुसरं म्हणजे ऑइल. या गाडीला ड्राय संप आहे, ऑइलची टाकी वेगळी. थंड इंजिनावर डिपस्टिक बघितली तर पातळी कमी दिसते कारण उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल हळूहळू खाली क्रँककेसमध्ये झिरपतं. लोक घाबरून वरून आणखी ओततात, मग जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनाची वाफ सोडणाऱ्या नळीतून) एअरबॉक्समध्ये येतं आणि पुन्हा फोरमवर येऊन विचारतात की फिल्टर तेलात का बुडाला. काही मिनिटं चालवून, बंद करून लगेच बघायचं. बदलताना ड्रेन दोन्हीकडून, टाकीचा आणि क्रँककेसचा. ऑइल मोटरसायकलचंच, बाटलीवर जासो एमए लिहिलेलं. गाडीचं 'एनर्जी कन्झर्व्हिंग' वालं घातलं तर क्लच घसरतो, तो त्याच ऑइलात भिजलेला असतो.

वाळूवाला_दुबई
काय हे, माणूस नवीन खेळणं घेऊन आलाय आणि तुम्ही त्याला बेअरिंग चाचपायला लावताय :)
मी हट्टा रोडवर बिग रेडला (वाळूची मोठी टेकडी) शुक्रवारी (आता शनिवारी) जातो, माझी यामाहाची रॅप्टर ७००. पाइप (म्हणजे एक्झॉस्ट), ट्यूनर, मागे वाळूचे पॅडल टायर. मजा असते भाऊ. ४००ईएक्स चांगली गाडी आहे पण पाइपशिवाय ती मुकी वाटते. धुळवड, एक्झॉस्ट घेच, आयुष्य एकदाच मिळतं.

गॅरेजवाली
@वाळूवाला_दुबई, कॅलिफोर्नियात सरकारी जमिनीवर आवाजाची मर्यादा ९६ डेसिबल आहे आणि रेंजर मीटर घेऊन उभे असतात, सायलेन्सरपासून २० इंचावर धरतात. शिवाय स्पार्क अरेस्टर (सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी) नसेल तर जंगलात प्रवेशच नाही, इथे उन्हाळ्यात गवत काडेपेटीसारखं पेटतं. तुमच्या वाळूला आग लागत नाही. धागाकर्त्यांनी आधी आहे तो सायलेन्सरच तपासावा, त्यात अरेस्टरची जाळी आहे की आधीच्या मालकाने उपटून टाकलीय.

वाळूवाला_दुबई
ताई, मान्य. वाळूला आग लागत नाही पण वाळू फिल्टरला लागते :) आमच्याकडे प्रत्येक राइडनंतर फिल्टर, आणि फिल्टरवर घालायला वेगळा मोजा.

बाहातला
ए-आर्म्सबद्दल मी बोलू शकतो. कॉलेजात (पुण्यात) असताना बाहा एसएईची (विद्यार्थ्यांनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा) बग्गी केली होती आम्ही, स्पर्धेला पिथमपूरला जायची ती. इंजिन सगळ्यांना एकच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० हॉर्सपॉवरचं, त्यामुळे सगळी मारामारी सस्पेन्शन आणि वजनात. तेव्हा रात्र रात्र जागून जे कळलं ते असं की ए-आर्म लांब केला की फक्त गाडी रुंद होत नाही. शॉकवर येणारा तरफेचा जोर बदलतो, म्हणजे तीच स्प्रिंग आता मऊ वाटते आणि उडी मारली की खाली आदळते. मग शॉक बदला. टाय रॉड (हँडलकडून चाक वळवणारे दांडे) लांब घ्या, ब्रेकच्या नळ्या लांब घ्या. टाय रॉडचा कोन ए-आर्मशी जुळला नाही तर खड्ड्यात चाक वर गेलं की हँडल न फिरवता चाक आपोआप वळतं, खडकात ते फार वाईट. एकूण खर्च १००० मध्ये बसणारच नाही, निम्माही नाही.

आणि मुळात हे रुंदीचं प्रकरण वेगाने वळणाऱ्या मोटोक्रॉसवाल्यांसाठी आहे. ट्रेलवर दोन झाडांमधून जायचं असतं.

गॅरेजवाली
+१०० आणि त्यात एक कायद्याची भर. फॉरेस्ट सर्व्हिसचे बरेच ट्रेल '५० इंच किंवा कमी' वाले आहेत, काही ठिकाणी तोंडाशी लोखंडी खांब असतात. मूळ ४००ईएक्स ४५-४६ इंचांची आहे. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच वाढवले की काठावर आलात, आणि मागे चाकं बाहेर काढणारे स्पेसर टाकलेत तर तोंडाशीच अडकून बसाल, मागून येणाऱ्यांच्या शिव्या खात.

काळजीवाहू
तुमच्या उत्साहावर पाणी ओतायचं नाहीये पण ही वाहनं धोकादायक आहेत हे कोणी बोलेल का? माझ्या माहितीप्रमाणे अमेरिकेत यांच्यावर बंदी आली होती.

अण्णा_ओहायो
@काळजीवाहू, बंदी नव्हे. ती तीन चाकी होती. होंडाने १९७० मध्ये फुग्यासारख्या टायरांची तीन चाकी आणली, यूएस९० नावाने, पुढे तिचं एटीसी झालं. हिवाळ्यात मोटरसायकली विकल्या जात नाहीत म्हणून डीलरना काहीतरी विकायला हवं होतं. वळताना उलटायची. लहान मुलं फार गेली त्यात. शेवटी १९८८ मध्ये सरकार आणि कंपन्यांमध्ये कोर्टाच्या मार्फत समझोता झाला आणि तीन चाकी विकणं थांबलं. त्याच्या बरंच आधी सुझुकीने चार चाकी काढलेली होती, मग १९८५ ला क्वाडरेसर एलटी२५०आर, पुढच्याच वर्षी होंडाची टीआरएक्स२५०आर. टू स्ट्रोक, हलकी, आणि काय आवाज! आमच्या शेजाऱ्याकडे बान्शी होती यामाहाची, दोन सिलिंडर ३५० ची, २००६ पर्यंत विकत होते ती. रविवारी सकाळी सुरू केली की आमची ही पूजा सोडून खिडकीशी. धुराचा वास मला आवडायचा, तिला नाही.

आता वय झालं, मी हॅटफिल्ड-मॅकॉयला (वेस्ट व्हर्जिनिया) जातो ते साइड बाय साइड (शेजारी-शेजारी सीट असलेली ऑफ-रोड गाडी) घेऊन, सीटबेल्ट लावून. तिथे १००० मैलांच्या वर ट्रेल आहेत, कोळशाच्या खाणींचा मुलुख, चिखल म्हणजे चिखल. पण स्पोर्ट क्वाडवाले अजून दिसतात आणि त्यांच्याकडे बघून हात शिवशिवतात.

काळजीवाहू
धन्यवाद अण्णा. तरी हेल्मेटचं लिहा कोणीतरी.

तेलकट_हात
@काळजीवाहू, हेल्मेट इथे कायद्यानेच लागतं, गॉगल, बूट, चेस्ट प्रोटेक्टर त्यावर. मागे कोणाला बसवायचं नाही, सीट लांब दिसते ती वजन पुढेमागे सरकवण्यासाठी असते. पण एक गोष्ट जी लोक फॅशन समजतात ती खरी सुरक्षेची आहे: नर्फ बार. पाय ठेवतो तिथून मागच्या चाकापर्यंत नळी आणि जाळी. खडकावर पाय सुटला तर नर्फ बार नसताना तो सरळ मागच्या टायरखाली जातो, गाडी स्वतःच्याच मालकाला ओढून घेते. बजेटमधली अपग्रेडची पहिली खरेदी ती कर. दुसरी स्विंगआर्मखालची स्किड प्लेट, हॉलिस्टरला ग्रॅनाइट आहे, मागची ब्रेक डिस्क आणि स्प्रॉकेट खडकावर घासतात.

रच्याकने, हॉलिस्टर हिल्सच्या मधून सॅन अँड्रियास फॉल्ट जातो, एकाच पार्कात दोन प्रकारची माती मिळते ती त्यामुळे.

डोंगरमाथा
डेन्व्हरहून. कार्बवाली गाडी घेऊन उंचावर जाणार असाल तर जेटिंगचा (कोणत्या मापाचा जेट घालायचा त्याचा) विचार आत्ताच करा. कोलोरॅडोतल्या इमोजीन पासला गेलो होतो, १३११४ फूट, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६२ टक्क्यांच्या आसपास. तेवढ्या हवेत समुद्रसपाटीच्या बे एरियाचं जेटिंग म्हणजे पेट्रोलच पेट्रोल, गाडी खोकते, प्लग काळा होतो. उंचीवर जेट लहान करायचा, आणि खाली आल्यावर परत मोठा घालायचा, नाहीतर खाली लीन चालून तापेल. ताकद तर दर १००० फुटांना साधारण ३ टक्के जातेच, त्याला जेट काही करू शकत नाही. रॅप्टर ७०० ला २००६ पासून कार्बऐवजी फ्युएल इंजेक्शन आहे, ती स्वतःच सांभाळून घेते.

वाळूवाला_दुबई
बघा! मी तेच म्हणतोय. विकून टाक आणि रॅप्टर घे. इंजेक्शन, ६८६ सीसी, कटकट नाही.

तेलकट_हात
@वाळूवाला_दुबई, नवशिक्याला ६८६ सीसी देऊन डोंगरात पाठवू नका हो. ४००ईएक्सचं इंजिन एक्सआर४०० मोटरसायकलवरून आलेलं, ते फार सोसतं. व्हॉल्व्हला स्क्रू आणि लॉकनट आहेत, फीलर गेज घेऊन घरी सेट होतात: थंड इंजिन, कॉम्प्रेशन स्ट्रोकचा टीडीसी (पिस्टन अगदी वर), फट इनटेकला ०.१० मिमी, एक्झॉस्टला ०.१२. झालं. एलटीझेड४०० किंवा साडेचारशेवाल्या रेसच्या गाड्यांना शिम (ठरावीक जाडीच्या चकत्या) असतात, मोजा, शिम मागवा, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काढा. २००६ ला तर रिव्हर्सपण आहे, २००५ पासून आलाय. चिंचोळ्या ट्रेलवर खडकासमोर नाक लागलं की त्याची किंमत कळते.

झुणका_भाकर
इनटेक ०.१० मिमी ऐकून मला आमच्या हिच्या पुरणपोळीची जाडी आठवली. असो. भारतात मिळते का ही?

बाहातला
@झुणका_भाकर, दिवा घ्या पण पोळी तेवढी पातळ असेल तर मला पत्ता द्या. भारतात पोलारिसच्या गाड्या आहेत, रिसॉर्ट आणि ॲडव्हेंचर पार्कात दिसतात त्या बहुतेक ऑटोमॅटिक युटिलिटी प्रकारच्या. हातात क्लच, पायात गिअर असलेली होंडा-यामाहाची स्पोर्ट क्वाड आपल्याकडे जवळपास दिसतच नाही.

धुळवड
सगळ्यांचे आभार, दोन शनिवार-रविवार गॅरेजात गेले. रिपोर्ट:

पायलट जेट पूर्ण बंद होता, उजेडच दिसत नव्हता. नवीन टाकला, वाटी साफ केली. आता चोक बंद करून शांत उभी राहते. फटफट थोडी उरली होती, झाकण मिळाल्यावर ९० टक्के गेली. फिल्टर म्हणजे काळी पोळी होती, त्याच्या आतली नळी मात्र स्वच्छ.

गॅरेजवाली ताईंचं ऐकून चाक हलवलं, मागचे दोन्ही बेअरिंग खडखडत होते. नवीन बेअरिंग फ्रीजरमध्ये रात्रभर ठेवले आणि कॅरिअर हीटगनने गरम केला, हाताने दाबून बसले, हातोडा लागला नाही. फक्त सकाळी बायकोने उकडीच्या मोदकांचा डबा काढायला फ्रीजर उघडला आणि विचारलं की हे वडे कसले. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) संपलेत, दात शार्कच्या पाठीसारखे वाकलेत.

कॉम्प्रेशन टेस्ट केली तर आकडा कमी वाटला. रिंगा गेल्या का?

तेलकट_हात
एवढ्यात घाबरू नकोस. कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेशन (सुरू करताना व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवणारी सोय) असतं, स्टार्टरला सोपं जावं म्हणून, त्यामुळे गेज कमीच दाखवतो. लीकडाउन टेस्ट कर, सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून सुटते ते ऐकायचं: कार्बमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ब्रीदरमधून आली तर रिंगा. निळा धूर आहे का? नसेल आणि ऑइल कमी होत नसेल तर व्हॉल्व्ह सेट करून सरळ चालव.

गॅरेजवाली
वडे :D आमच्याकडे बेअरिंग आणि अळूवड्या शेजारीच असतात.

टायर घेताना पुढचे २२ आणि मागचे २० इंची, तोच साइझ ठेवा. खडकासाठी सहा प्लायचे (थरांचे) घ्या, चार प्लायचे हलके पण बाजूने फाटतात. हवा मॅन्युअलमध्ये बघून, चार-पाच पीएसआयच्या आसपास, त्यासाठी लो प्रेशरचा वेगळा गेज लागतो, कारच्या गेजवर तो आकडा धड वाचताच येत नाही. पंक्चर किट आणि हातपंप बरोबर.

आणि मागच्या कॅलिपरवरचा पार्किंग ब्रेक बघा. जुन्या गाडीत तो अडकतो किंवा तिथून ब्रेक ऑइल पाझरतं. ब्रेक ऑइल डॉट ४, रंग चहासारखा झाला असेल तर सगळंच बदला.

अण्णा_ओहायो
सस्पेन्शन राहिलं की. शॉक बदलायची गरज नाही, आहेत तेच तुमच्या वजनाला सेट करा. गिअर घालून, हेल्मेट घालून गाडीवर बसा, दुसऱ्याला मोजायला सांगा. बसल्यावर साधारण एक तृतीयांश ट्रॅव्हल खाली गेला पाहिजे. प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब) फिरवून तिथे आणा. पुढे पैसे जमले तर शॉक उघडून आतल्या ऑइलचं व्हॉल्व्हिंग करून घ्या, पाइपपेक्षा त्याने जास्त फरक पडतो, दुपारनंतर मनगटं दुखायची थांबतात.

वाळूवाला_दुबई
अण्णांशी यावर माझं जमेल. माझ्याही गाडीवर सगळ्यात चांगला खर्च शॉकचाच झाला. पाइप दुसरा. पण दुसरा आहेच :)

धुळवड
लीकडाउन केली, बहुतेक हवा इनटेककडून सुटत होती. क्लिअरन्स बघितला तर इनटेकला फटच नव्हती, व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. सेट केल्यावर सुधारलं, धूर नाही.

तर यादी अशी ठरली: चेन-स्प्रॉकेट, चार टायर, नर्फ बार, स्किड प्लेट, ब्रेक पॅड. सायलेन्सरमध्ये अरेस्टर निघाला, तो तसाच राहील. ए-आर्म्स रद्द, ग्राफिक्स रद्द (बायको म्हणते स्टिकर ती देईल, मुलाच्या वहीतले). बजेट थोडं ओलांडतंय.

स्प्रॉकेट मूळ १५/३८ (पुढे १५, मागे ३८ दात) आहेत. चढावर पहिला गिअर जरा लांब वाटतो, पुढे १४ घालू का? आणि चेन तीच चालेल?

तेलकट_हात
१४ घाल. टॉप स्पीड थोडा जाईल, ट्रेलवर त्याचं काय करायचंय. चढावर क्लच कमी जळेल. ५२० ची ओ-रिंग चेन घे, १४ ला मूळ लांबीची चेन चालते, ॲक्सल जरासा मागे सरकतो इतकंच. ढील ३० ते ४० मिमी, गाडी सपाटीवर उभी करून मोज, मास्टर लिंकच्या (चेन जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला.

धुळवड
ऑर्डर टाकली.

झुणका_भाकर
पुढच्या महिन्यात मी सॅन होजेला येतोय, लेकाकडे. मागे बसायला मिळेल का?

गॅरेजवाली
वरती काय लिहिलंय वाचा की काका, मागे कोणाला बसवायचं नाही.

झुणका_भाकर
मग पुढे बसतो, धुळवडला मागे बसवू.